याला तेल लावू नये

मी गिरमिट बोलतोय. सुताराच्या पेटीतलं नव्हे. ते लाकडाला भोक पाडतं आणि भुसा उडवतं. माझं काम मातीचं आहे.

माझी उंची माणसाच्या छातीइतकी. वर धरायला आडवी मूठ, मध्ये दांडा, खाली पोकळ पेला. पेल्याच्या तोंडाला दोन वाकडे दात. मूठ फिरवली की दात माती कापतात आणि पेला भरतो. वर ओढला की तुमच्या पायाखाली काय आहे ते उजेडात येतं. जिथे पूर्वी कारखाना होता, रंगाची भट्टी होती, पेट्रोलचा पंप होता, तिथली माती चांगली की बिघडलेली, हे लोकांना जाणून घ्यायचं असतं. नुसतं बघून ते कळत नाही. माती लॅबमध्ये जाते. तिथे तिला प्रश्न विचारतात. पण माझ्याकडून खोटी माती गेली, तर लॅबही खोटंच उत्तर देते. म्हणून माझं काम खड्डा पाडण्याचं नाही. माझं काम खरं बोलण्याचं आहे.

एकदा मी खोटं बोललो. तेच सांगायला बसलोय. आधी बाकीचं ऐका.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या शेडमध्ये झाला. लेथवाला गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. मला बनवून घेणारे सरकारी कार्यालयातले नमुनेवाले काका. त्यांचं काम मातीचे नमुने गोळा करण्याचं, म्हणून कार्यालयातले लोक पाठीमागे त्यांनाच 'नमुना' म्हणत. काकांना ते माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. शाळा चौथीपर्यंत, पण आकडा चुकत नसे आणि हात हलत नसे.

काका तीन दिवस लेथवाल्याच्या डोक्यावर उभे होते. स्टील गंज न धरणारंच हवं. रंग नको. मुलामा नको. ग्रीसचं बोटही नको. लेथवाला शेवटी वैतागला.

"मग याला नागडंच पाठवू का?"

"नागडंच पाठव. अंगाला काही लागलं तर ते मातीला लागेल."

लेथवाल्याने मान डोलावली. त्याला ते पटलं नव्हतं. ज्या माणसाचा सगळा जन्म तेलाच्या कॅनशेजारी गेला, त्याला कोरडं लोखंड म्हणजे उपाशी गुरासारखं वाटतं. पण त्याने ऐकलं. माझा पेला दांड्यात आट्यांनी बसवला होता, म्हणजे फिरवून काढता यावा. ते आटे त्याने कापडाने कोरडे पुसले आणि मला काकांच्या हातात दिलं.

पुढची बारा वर्षं मी काकांच्या खांद्यावर हिंडलो.

माणसांची एक गंमत मला या बारा वर्षांत कळली. मी जमिनीत शिरलो की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि विचारतो, सोनं लागलं का? प्रत्येकाला वाटतं की हा विनोद त्यालाच सुचला. काका दर वेळी सांगत, लागलं की कळवतो. दुसरी गोष्ट जागेच्या मालकांची. बिघडलेली जागा जिथे असते, मालक नेमका तिथेच पाय रोवून उभा राहतो आणि काकांना लांबचे कोपरे दाखवतो. काका आधी मालकाचे पाय बघत. मग म्हणत, जरा बाजूला व्हा.

काकांची पद्धत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

वरचा पालापाचोळा हाताने बाजूला. मग मी आत. वर आलो की पेल्यातली वरची दोन बोटं माती फेकायची, कारण ती खड्ड्याच्या कडेची पडलेली असते. कडेची, माझ्या अंगाला चिकटलेलीही घ्यायची नाही. मधली घ्यायची. काचेची बरणी काठोकाठ भरायची, हवेला जागा ठेवायची नाही. झाकण, चिठ्ठी, बर्फाची पेटी. प्रत्येक खड्ड्याला नवे हातमोजे. आणि खड्ड्यांची पाळी ठरलेली. जी जागा स्वच्छ असावी असं वाटतं, तिथे आधी. जिच्यावर संशय जास्त, तिथे शेवटी. काका म्हणत, लहान मुलाचं तोंड पुसताना आधी डोळे पुसतात, मग नाक. उलट केलं तर नाकातलं डोळ्यांत जातं.

दोन खड्ड्यांच्या मध्ये माझी आंघोळ. पहिल्या बादलीत साबण आणि ब्रश. दुसरीत साधं पाणी. तिसरीत लॅबचं शुद्ध पाणी, ते वरून ओतायचं. धुवणाचं पाणी तिथे सांडायचं नाही, बरोबर परत न्यायचं.

आणि दिवसातून एकदा, पहिल्या खड्ड्याच्या आधी, माझ्या अंगावरून ओघळलेलं ते शुद्ध पाणी एका बाटलीत धरायचं. ती बाटलीही मातीबरोबर लॅबमध्ये जायची. तिला काका साक्षीची बाटली म्हणत. गिरमिट स्वच्छ होतं की नाही हे गिरमिटवाल्याने सांगायचं नसतं. ते बाटलीने सांगायचं.

बारा वर्षांत बाटलीने माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. तिथेच घोळ झाला. काकांनाही गर्व झाला आणि मलाही.

माझे दात झिजले होते. काकांनी मला धार लावायला लेथवाल्याकडे टाकलं. या वेळी ते डोक्यावर उभे राहिले नाहीत. जुना माणूस, जुनी ओळख, सांगायचं काय? लेथवाल्याने दात घासून सुरीसारखे केले. दांडा सरळ केला. मग माझ्याकडे बघत उभा राहिला. बारा वर्षांनी लेक माहेरी आल्यावर बाप बघतो तसा. त्याने कॅन उचलला. अंगभर तेलाचा हात फिरवला. आट्यांत चार थेंब जास्तच सोडले आणि पेला घट्ट आवळला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कोणी माझं कौतुक केलं होतं.

तिसऱ्या दिवशी काम निघालं ते एका पाळणाघरात. पाळणाघराच्या ताई पन्नाशीच्या होत्या. बावीस मुलं सांभाळायच्या. सकाळी आईबाप कामाला जाताना मूल सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. जागा पूर्वी गॅरेजची होती. गाड्यांचं जळकं ऑइल तिथे वर्षानुवर्षं सांडलं असणार. मागच्या कोपऱ्यात खेळताना एका मुलाचे हात काळे झाले आणि हातांना वास आला. ताईंनी तो वास ओळखला. दुसरी कोणी असती तर कोपऱ्यावर चार पाट्या माती ओढून गप्प बसली असती. ताई कार्यालयात आल्या आणि स्वतः अर्ज दिला, आमच्या अंगणाची माती तपासा.

काकांना त्या बाई तेव्हाच आवडल्या. ते कार्यालयात म्हणाले होते की बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी आपणहून बोलावलंय.

काकांबरोबर कार्यालयाच्या मॅडम होत्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, हुद्द्याने वर. पेटी गाडीतून उतरवताना साक्षीची बाटली निसटली आणि फुटली. मॅडम म्हणाल्या, काका, मी कार्यालयातून दुसरी घेऊन येते, अर्धा तास लागेल. ऊन चढत होतं. मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. काका म्हणाले, बारा वर्षं धुतोय, एक दिवस साक्षीदार नसला म्हणून मी खोटा ठरतो का?

मॅडमनी फुटलेल्या काचा गोळा केल्या. मोठ्या माणसाला किती बोलायचं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर दिसत होता.

काकांनी मला साबणाने दोनदा घासलं. अंगावरचं तेल गेलं. आट्यांतलं गेलं नाही. पेला इतका घट्ट आवळलेला होता की काकांनी तो उघडलाच नाही. मी उन्हात तापलो. पहिला खड्डा फाटकापाशी होता. मी फिरायला लागलो तसं आट्यांतलं तेल सुटलं आणि दांड्याखालून पेल्यात उतरलं. अगदी मध्ये. जिथली माती काका विश्वासाने घेत, तिथे.

मला कळत होतं. ओरडायला तोंड नव्हतं. दातांचं तोंड मातीत होतं.

असे आठ खड्डे झाले. आठवा मागच्या कोपऱ्यातला. तिथे माती काळी निघाली, सगळ्यांनाच वास आला. बरण्या लॅबमध्ये गेल्या.

दहा दिवसांनी कागद आला. आठही ठिकाणी तेल. आठही ठिकाणी मर्यादेपेक्षा जास्त. कार्यालयाने नियमाप्रमाणे नोटीस काढली. पंधरा दिवसांत मुलं हलवा. अंगणाची कमरेइतकी माती काढावी लागेल, दोन्ही झाडं जातील, तोवर पाळणाघर बंद. पंधरा दिवसांत बावीस मुलांना कोण घेणार? आणि एकदा गेलेली मुलं वर्षाने परत येतात का?

ताई नोटीस हातात घेऊन कार्यालयात आल्या. मी कोपऱ्यात उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं. त्या रडल्या नाहीत. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. काकांना म्हणाल्या की मागचा कोपरा काळा आहे हे मीच तुम्हाला सांगितलं, ते मला मान्य आहे. पण फाटकापाशी मोठा खड्डा होता. तो मी दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या शेतातल्या मातीने भरला. तिथे ना गॅरेजवाल्याचा पाय पडला ना गाडीचं चाक. आणि तुमच्या कागदावर कोपरा सोडला तर सगळ्यांत वाईट माती तिथलीच.

काका म्हणाले, लॅब खोटं बोलत नाही.

"मग तुमचं हे गिरमिट बोलत असेल. नाचता येईना आणि अंगण वाकडं. तुमचा नाच, काका, आणि अंगण माझं."

एवढं बोलून त्या गेल्या. कोणाला काकांच्या तोंडाकडे बघवेना.

काका त्या दिवशी मला घरी घेऊन गेले. असं ते कधी करत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बाजूला सारून त्यांनी कागद पुढ्यात घेतला. कागदावरची अक्षरं इंग्रजी, ती त्यांना वाचता येत नव्हती. आकडे येत होते. शेजारी त्यांनी आपली वही ठेवली, त्यात खड्ड्यांची पाळी लिहिलेली होती. मग एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले. पहिला खड्डा, सगळ्यांत जास्त. दुसरा, त्याहून कमी. तिसरा, आणखी कमी. सातव्यापर्यंत पायरी पायरीने उतरत आलेलं. आठव्याला एकदम उसळी.

काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, चहा गार झाला का? काकांचं बोट आठव्या आकड्यावरच होतं.

मातीतलं तेल पाळीने कमी होत नाही. मातीला काय माहीत कोणता खड्डा आधी खणला? पाळी फक्त एकालाच माहीत होती. मला.

काकांनी पाना आणला. माझा पेला पायाखाली दाबून धरला आणि दांडा उलटा फिरवला. दोन वेळा पाना घसरला. तिसऱ्या वेळी आटे सुटले. त्यांनी काकूंच्या जुन्या पांढऱ्या साडीचा तुकडा आट्यांभोवती गुंडाळला, पिळला, आणि उघडून बघितला. तपकिरी डाग. काकांनी तो नाकाशी नेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं अंगण खणून झालं आणि तेल सापडलं ते इथे, आपल्या मांडीवर.

मला वाटलं, आता मला भंगारात टाकतील. टाकलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

तिथून आम्ही लेथवाल्याकडे गेलो. काकांनी विचारलं, तेल लावलंस? लेथवाला हसत म्हणाला की लावलं ना, आपल्या घरून कोणाला कोरडं पाठवतो का आपण? काकांनी त्याला डाग दाखवला आणि पाळणाघराची हकिकत सांगितली. लेथवाल्याचं हसू गेलं. तो म्हणाला, मी तुझ्या साहेबांना येऊन सांगतो, चूक माझी.

"तुझी नाही. पहिल्या वेळी मी सांगितलं होतं. या वेळी सांगितलं नाही. आणि बाटली फुटली तेव्हा थांबलो नाही. त्यात तू कुठे आहेस?"

मग कार्यालय. काकांनी तो फडक्याचा तुकडा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या की रिपोर्ट वर गेलाय काका, तो मागे घ्यायचा म्हणजे कारण द्यावं लागेल. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आहे. उपकरणात दोष होता, एवढंच लिहू का?

मी कोपऱ्यात ताठ उभा राहिलो. उपकरण म्हणजे मी. लिहिलं असतं तर मला चाललं असतं. तेल माझ्याच अंगात होतं.

"गिरमिटाचा दोष नाही," काका म्हणाले. "त्याला धुणारा मी. साक्षीची बाटली न घेणारा मी. माझं नाव घाला. आणि अक्षर मोठं काढा, नाहीतर वरच्या साहेबांना दिसायचं नाही."

त्या कागदावर काकांनी सही केली. सही करायला त्यांना नेहमी वेळ लागायचा, एकेक अक्षर कोरल्यासारखं. त्या दिवशीही तेवढाच लागला.

मॅडमनी आणखी एक कबूल केलं, मोठ्याने नाही, कागद आत ठेवता ठेवता. म्हणाल्या, मी त्या दिवशी बाटली आणायला जायलाच हवं होतं. काका म्हणाले, पुढच्या वेळी जा. मी अडवलं तरी जा.

नोटीस दुसऱ्या तपासणीपर्यंत थांबवली गेली. ही फेरी निराळी झाली. काकांनी मला पुरतं उघडलं. आटे गरम पाण्याने, साबणाने, लॅबने दिलेल्या औषधाने, दात घासायच्या ब्रशने घासले. मग शुद्ध पाणी ओतून साक्षीची बाटली भरली आणि नुसती ती एकटी लॅबमध्ये पाठवली. उत्तर येईपर्यंत मला हात लावला नाही. पाच दिवसांनी उत्तर आलं. पाण्यात काही नाही. मी सुटलो, पण काका म्हणाले, अजून नाही.

पाळणाघरात ताई फाटकात उभ्या होत्या. काकांनी मला खांद्यावरून उतरवलं आणि सांगितलं, "ताई, नाच माझाच वाकडा होता. अंगणाचं आज बघू."

ताईंनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, मला काय धरायचं ते सांगा. काकांनी त्यांना हातमोजे दिले आणि बाटली धरायला लावली. माझ्या अंगावरून पाणी ओघळलं आणि त्या बाटलीत पडलं. ताईंनी एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. बावीस मुलांना दूध पाजणारा हात तो. मग त्यांनी चिठ्ठीवर सही केली.

जुन्या खड्ड्यांपासून हातभर अंतरावर आम्ही नवे आठ खड्डे घेतले. पुन्हा फाटकापासून. ऊन तेच, पण मी आतून कोरडा होतो. असा हलका मी कधी फिरलो नव्हतो. मुलं खिडकीतून मोजत होती, एक, दोन, तीन. पाचनंतर त्यांचं सात यायचं. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने विचारलंच, सोनं लागलं का? काका म्हणाले, आज लागलं तर बरं.

नऊ दिवस गेले. त्या दिवसांत ताईंनी एकाही मुलाला दुसरीकडे पाठवलं नाही आणि एकालाही अंगणात सोडलं नाही.

कागद आला. सात खड्डे स्वच्छ. आठवा वाईट, पहिल्या वेळेपेक्षाही वाईट, कारण या वेळी आम्ही हातभर खोल गेलो होतो. नोटीस मागे घेतली गेली. कोपऱ्याला कुंपण घालून तेवढाच भाग खणला. खाली गॅरेजचा विटांनी बांधलेला खड्डा निघाला, गाडीखाली उतरून काम करायचा, काळ्या चिखलाने भरलेला. तो चिखल ताडपत्रीने झाकलेल्या गाडीतून गेला. मग रिकाम्या खड्ड्याच्या तळाशी आणि चारही बाजूंना मी पुन्हा शिरलो. माती तांबूस निघाली, कोरडी, मातीच्याच वासाची. ताईंनी ती चिमूटभर हातात घेऊन हुंगली आणि काकांपुढे धरली. काकांनीही हुंगली. लॅबचं उत्तर चार दिवसांनी आलं, पण त्या दोघांना तेव्हाच कळलं होतं.

दोन्ही झाडं अजून उभी आहेत. कोपऱ्यात आता ताईंच्या भावाच्या शेतातली माती आहे. मुलं तिथे खड्डे करतात. त्यांची पद्धत चुकीची आहे, पाळी नाही, आंघोळ नाही. चालतं.

काका चार महिन्यांनी निवृत्त झाले. जायच्या आधी त्यांनी मला एकदा लेथवाल्याकडे नेलं आणि या वेळी डोक्यावर उभे राहिले. आटे कापून काढले. पेला आणि दांडा सांधून एक केले. सांधा इतका घासला की नख फिरवलं तरी अडत नाही. आता माझ्या अंगात लपायला जागा नाही. लेथवाल्याने काम झाल्यावर हात मागे बांधून घेतले, म्हणजे कॅनकडे जायला नको.

आता मी मॅडमबरोबर हिंडतो. दात निम्मे राहिलेत. कामावरून आलो की मला धुऊन, वाळवून, स्वच्छ पन्नीत गुंडाळून खिळ्याला टांगतात. त्या खोलीत शेजारी कुदळ, पहार, पाने आहेत. सगळ्यांना महिन्यातून एकदा तेल मिळतं. त्यांची अंगं चमकतात. मी कोरडा. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा घेतलं आहे, त्याची चव माहीत आहे.

दात संपले की मी जाईन. माझ्या जागी दुसरं येईल. त्याला हातात घेणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. त्याच्यावर माया करा, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तुमच्या स्वतःच्या हातावरही नको. बारा वर्षांच्या हातावर तर मुळीच नको.

माझ्या खिळ्याच्या वर काकांनी शेवटच्या दिवशी भिंतीवर रंगाने लिहिलं आहे. अक्षर त्यांचंच, एकेक कोरलेलं: याला तेल लावू नये. धुवावे. धुतल्यावर विचारावे.

कोणाला विचारावे, ते लिहायचं राहिलं. त्याची गरज पडत नाही. खालच्या फळीवर साक्षीची बाटली असते. एक नाही, आता दोन असतात. एक फुटली तर म्हणून.